माळ्यावर सापडलेला व्हायोलिनचा जुना बो: नीट कसा करायचा आणि विकायचा कसा

गोव्यात जुनं घर रिकामं करायला काढलं की माळ्यावर कुठेतरी व्हायोलिनचा बॉक्स निघतोच, निदान सासष्टी-बारदेशात तरी. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना सोलफेज (स्वरलिपी वाचून गायची पद्धत) आणि व्हायोलिन शिकवायचे, तिथूनच पुढे कितीतरी जण मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रात गेले. ज्यांच्याकडे प्यारेलाल शिकले ते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलंच ठळक नाव. त्यामुळे माल भरपूर आहे, फक्त तो ओळखणारे कमी. बॉक्स उघडला की सगळे व्हायोलिनच हातात घेऊन वर-खाली बघतात आणि झाकणात अडकवलेला बो, म्हणजे आपला गज, तसाच राहतो, त्याचे घोड्याचे केस तुटून लोंबत असतात म्हणून कोणी त्याला हात पण लावत नाही. गंमत म्हणजे कधीकधी त्या बोची किंमत व्हायोलिनपेक्षा जास्त निघते.

पण लगेच उड्या मारू नका. शंभरातले बहुतेक बो हे जर्मनीच्या मार्कनॉयकिर्शेन भागात कारखानी पद्धतीने हजारोंनी बनलेले साधे बो असतात, त्यांना काही हजार मिळाले तरी बरं. हा लेख त्यांच्यासाठीच आहे ज्यांना असा बो सापडलाय किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात स्वस्तात मिळालाय आणि तो नीट करून विकायचाय. माझं मत आधीच सांगून टाकतो, रिस्टोरेशन म्हणजे घासून चकाचक करणं नव्हे. बोच्या बाबतीत तुम्ही जितकं कमी कराल तितकी किंमत जास्त टिकते. सॅंडपेपर दिसला तरी गिऱ्हाईक पळतं.

सगळ्यात आधी टोक बघा, आणि कायदा

साफसफाईच्या पण आधी हे करायचं. बोच्या टोकाला, जिथे केस आत घुसतात, तिथे खालच्या बाजूला एक पातळ पांढरी पट्टी असते. ती हाडाची असू शकते, धातूची असू शकते, प्लास्टिकची असू शकते, आणि जुन्या चांगल्या बोला ती हस्तिदंताची असू शकते. हस्तिदंताची निघाली तर विक्रीचा विषय तिथेच थांबवा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, १९८६ च्या दुरुस्तीने देशातला हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकन हस्तिदंत पण त्यात आलं. पट्टी नखाएवढी आहे, आजोबांच्या काळातली आहे, हे तिथे चालत नाही.

ओळखायचं कसं? भिंगातून बघा. हाडात बारीक काळपट ठिपके किंवा रेघा दिसतात, ती त्यातली छिद्रं असतात. हस्तिदंत जास्त गुळगुळीत आणि एकसंध दिसतं, आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात, पण बोची पट्टी एवढी पातळ की त्या रेषा दिसतीलच असं नाही. प्लास्टिक एकदम सपाट पांढरं. सुई तापवून टोचून बघा असं कोणीतरी नक्की सुचवेल, तसलं काही करू नका, त्याने फक्त डाग पडतो. शंका असेल तर जाणकाराला दाखवा, आणि हस्तिदंतच आहे असं वाटलं तर पणजीत आल्तिनोला वन खात्याचं ऑफिस आहे तिथे लेखी विचारा. पट्टी गुपचूप काढून टाकू आणि मग विकू असला शहाणपणा नको.

तसंच अंगठ्याखालच्या चामड्याचं. जुन्या बोंवर सरड्या-घोरपडीसारखं खवल्याचं कातडं असतं कधीकधी. घोरपडीचा विषय गोवेकरांना वेगळा सांगायला नको, घुमट या आपल्या मातीच्या वाद्याला आधी तेच कातडं लावायचे आणि आता बकऱ्याचं लावतात ते याच कायद्यामुळे. बोवर पण बदलताना बकऱ्याचंच लावायला सांगा. आणि फ्रॉग, म्हणजे हातातला तो काळा ठोकळा, तो काळा नसून उजेडात मधासारखा पारदर्शक, तपकिरी ठिपक्यांचा दिसत असेल तर ते कासवाचं कवच असू शकतं, त्यालाही हाच कायदा. बहुतेक वेळा फ्रॉग साधा एबनीचाच, म्हणजे काळ्या आबनूस लाकडाचाच निघतो, मग काही भानगड नाही.

आता बो वाचायला शिका

बोच्या मागच्या टोकाला बटण असतं, ते म्हणजे केस ताणायच्या स्क्रूचं डोकं. तो स्क्रू पूर्ण सैल करा आणि बो एका डोळ्यासमोर धरून फ्रॉगकडून टोकाकडे बघा, कॅरमची रांग लावताना बघतो तसं. डावी-उजवीकडे वाकलेला असेल तर लगेच दिसतं. थोडा वाक असणं कॉमन आहे आणि तो कारागीर उष्णता देऊन काढू शकतो. घरी मेणबत्तीवर किंवा गॅसवर प्रयोग करू नका, काडी, म्हणजे बोचा लाकडी दांडा, जळते नाहीतर मोडते. बाजूने बघितलं तर काडी आत, केसांच्या दिशेने वाकलेली पाहिजे, सैल असताना मधला भाग केसांना जवळजवळ टेकला पाहिजे. काडी सरळ सपाट झाली असेल तर समजा बो वर्षानुवर्षं ताणूनच ठेवला होता.

मग टॉर्च आणि भिंग घेऊन टोकाचं डोकं सगळ्या बाजूंनी बघा. इथे घाई नको, कारण अख्ख्या बोची किंमत या अंगठ्याएवढ्या भागावर अवलंबून आहे. केसांच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पातळ भिंती असतात, तिथून तडा जातो, आणि डोक्याच्या मागे मानेपाशी पण. केसाएवढी रेघ दिसली तर नख हलकेच फिरवा, लागली तर तडा, नाही लागली तर लाकडाची नस किंवा पॉलिशचा ओरखडा असू शकतो. डोकं एकदा मोडून चिकटवलेलं असेल तर तिथे पॉलिशचा रंग जरा वेगळा, जरा जाड दिसतो. असा बो वाजतो व्यवस्थित, पण किंमत एका फटक्यात खाली येते. लपवू नका, कारण घेणारा पण पहिलं तिथेच बघणार आहे.

पुढे स्क्रू. बटण फिरतंय पण फ्रॉग हलत नाही, ही तक्रार जुन्या बोंची ठरलेली. लोक म्हणतात बो मेला. तसं काही नसतं, फ्रॉगच्या आत पितळेचा छोटा नट असतो त्याच्या आट्या झिजलेल्या असतात, तो बदलता येतो, आणि तो स्वस्तातला स्वस्त रिपेअर आहे. उलट स्क्रू अजिबात फिरत नसेल तर जोर लावू नका. आपल्या हवेत तो गंजतो आणि बटण पिळलं की काडीचं मागचं टोक चिरतं. तेल पण सोडू नका. ते काम कारागिराचं.

आता वजन. व्हायोलिनचा बो साधारण ६० ग्रॅमचा असतो, ५८ ते ६३ मधे बहुतेक बसतात, व्हियोलाचा ७० च्या आसपास, चेलोचा ८० च्या आसपास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरवसा नको, ओळखीच्या सोनाराकडे जा. दोन मिनिटांचं काम आहे आणि तिथेच तो बोवरची धातूची कडी चांदीची आहे का जर्मन सिल्व्हरची (चांदीसारखा दिसणारा, चांदी नसलेला मिश्रधातू) तेही नुसतं बघून बहुतेक वेळा सांगतो. फक्त त्याला आधीच सांगा की कसोटीवर घासायचं नाही, सवयीने हात जातो त्यांचा. चांदी असेल तर बो जरा वरच्या वर्गातला असण्याची शक्यता वाढते, सोनं असेल तर पुढे काहीही न करता थेट जाणकाराकडे जायचं. तुटलेले केस लोंबत असतील तर वजन कमी भरणार, तसं लिहून ठेवा. लांबी पण मोजा, पूर्ण साइजचा ७४-७५ सेंटीमीटर असतो, फार कमी भरली तर लहान मुलांचा बो आहे.

शिक्का दिसला म्हणून नाचू नका

फ्रॉगच्या वर काडीवर बारीक अक्षरांत नाव ठोकलेलं असतं. सगळ्यात जास्त भेटणारं नाव म्हणजे तूर्त. फ्रांस्वा झाव्हिए तूर्त, १७४७ ते १८३५, पॅरिसचा, आजच्या बोचा आकार ज्याने पक्का केला तो. आणि तो स्वतः आपल्या बोवर सहसा शिक्का मारतच नसे! त्यामुळे तूर्त लिहिलेला बो सापडला म्हणजे जवळजवळ नक्की तो नंतरचा कारखान्याचा, 'तूर्त पद्धतीचा' एवढाच त्याचा अर्थ. व्हुयोम, सार्तोरी, डॉड या नामांकित बो-कारागिरांच्या नावांचेही खोटे शिक्के भरपूर फिरतात. जर्मनी असं लिहिलेलं असेल तर उलट उपयोगाची माहिती मिळते, कारण अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं, म्हणजे तो बो बहुधा त्यानंतरचा. अष्टकोनी काडी म्हणजे भारी आणि गोल म्हणजे साधी हेही खरं नाही.

लाकडाचं थोडं. उत्तम बो पर्नांबुको लाकडाचे, हे ब्राझीलच्या किनाऱ्यावरचं झाड, आपल्याकडच्या पतंग नावाच्या झाडाच्या कुळातलं, दोन्हींतून लाल रंग निघतो. गोव्यात आलेले तेच पोर्तुगीज तिकडून रंगासाठी हे लाकूड जहाजं भरून नेत होते, बो बनायला लागले ते खूप नंतर. स्वस्त बो 'ब्राझीलवूड' नावाखाली विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या लाकडांचे असतात. नुसता रंग बघून दोन्हींतला फरक मला सांगता येत नाही आणि जो फोटोवरून छातीठोक सांगतो त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. खात्री नसेल तर जाहिरातीत पर्नांबुको लिहायचंच नाही.

एवढं बघून झालं की फोटो काढा, साफ करायच्या आधीचे. नंतर कोणी विचारलं की काय काय केलं, तर दाखवायला पुरावा राहतो.

साफ करायचं ते एवढंच

स्क्रू उलटा फिरवून फ्रॉग पूर्ण सुटा करा, केस अजून टोकाला बांधलेले असतात तेव्हा फ्रॉगला पीळ पडू देऊ नका. केस पूर्ण मेलेले असतील, पिवळे-काळे, निम्मे तुटलेले, तर ते कात्रीने कापून टाकले तरी चालतं, पण टोकातली आणि फ्रॉगमधली लाकडी पाचर स्वतः उकरू नका. केसांच्या खाचेत तीच पाचर बसते आणि उकरताना त्या पातळ भिंती फुटतात.

काडीवरची पांढरी धूळ म्हणजे रोझिन, केसांना चोळतात ती राळ. सुक्या मऊ कपड्याने, जुन्या बनियनचा तुकडा बेस्ट, जेवढी निघेल तेवढी काढा. फ्रॉगखाली हाताच्या घामाचा काळा थर असतो, त्याला कपडा अगदी किंचित ओला करायचा, साबणाचा एखाद-दुसरा थेंब, पुसायचं आणि लगेच सुक्याने कोरडं करायचं. परत परत करा, एकदम जोर नको, आणि शिक्क्यावरून तर जवळजवळ हात फिरवूच नका, अक्षरांची धार गेली की पैसे गेले. स्पिरिट वापरायचा मोह होतो कारण रोझिन त्यात झटकन विरघळतं, पण जुन्या बोचं पॉलिश लाखेचं असतं आणि ते पण स्पिरिटमधे तेवढंच झटकन विरघळतं. एक थेंब पडला तरी पांढरट डाग. खोबरेल तेल नको, फर्निचर पॉलिश नको, आणि कृपा करून वाशांना लावतो ते काजूच्या टरफलाचं तेल तर अजिबात नको.

चांदीला फक्त कपडा. टूथपेस्ट, चिंच, सिल्व्हर डिप हे सगळं समईसाठी ठेवा. थोडी काळपट चांदी जुन्या बोला शोभते आणि घेणाऱ्याला तेच आवडतं. स्क्रूच्या आट्यांना थोडं मेणबत्तीचं मेण लावा, बास. काडीवर चामड्याजवळ असतं ते तारेचं गुंडाळण सुटलं असेल तर टेपने चिकटवू नका, सुटं टोक दोऱ्याने बांधून कारागिराकडे द्या.

बॉक्सचं पण बघा. केस ओळीने कुरतडल्यासारखे एकाच टोकाकडून तुटलेले असतील तर ते वयाने नाही, किड्याने. अंधारात पडून राहिलेल्या बॉक्समधे त्याच्या अळ्या घोड्याचे केस खातात. बॉक्स रिकामा करून व्हॅक्यूम मारा, उघडा करून कडक उन्हात ठेवा, बॉक्स हां, बो नव्हे. नवीन केस लावलेला बो त्याच बॉक्समधे न साफ करता टाकलात तर महिन्याभरात परत तेच.

केस बदलायचे का

केस बदलणं म्हणजे रीहेअर, हे घरी शिकायचं काम नव्हे, युट्यूबवर कितीही सोपं दिसलं तरी. दीडशेच्या वर केस सारख्या ताणाने पसरवायचे, दोन्ही टोकांना दोऱ्याने गाठ, लाकडाच्या पाचरी मापात तासून बसवायच्या, एक बाजू जास्त ताणली गेली की काडीच वाकते. गोव्यात हे करणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. कांपालच्या कला अकादमीच्या वेस्टर्न म्युझिक विभागात, नाहीतर चर्चच्या कॉयरमधे वाजवणाऱ्या जुन्या माणसांना विचारा, ते स्वतःचे बो कुठे देतात तोच पत्ता खरा. इथे नाही जमलं तर मुंबई.

आणि आधी हिशेब करा. साधा नवीन बो दोन-तीन हजारांत ऑनलाइन मिळतो. तुमचा जुना बो त्याच वर्गातला असेल तर रीहेअर, कुरिअर, चामडं मिळून जो खर्च होईल तो विक्रीत वसूल होणार नाही, तो आहे तसा, 'केस बदलावे लागतील' असं स्पष्ट लिहून विका. मधल्या वर्गातला, चांदीचा, काडी सरळ, डोकं शाबूत असा असेल तर रीहेअर करून घ्याच, कारण वाजवून बघता आला तरच वाजवणारा पैसे काढतो. आणि खरंच भारी काही वाटत असेल तर केस न बदलता, काहीच न करता आधी दाखवा. रीहेअर कधी करायचं यावर पण एक गोष्ट, पावसात केस ओलावा पिऊन लांबतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत आखडतात. जुलैत अगदी मापात केस लावून घेतले तर हिवाळ्यात स्क्रू पूर्ण सैल करूनही काडी ताणलेलीच राहते. कारागिराला सांगून थोडी सूट ठेवायला लावा, म्हणजे काही बिघडत नाही.

विकायला काढताना

फोटो दिवसाच्या उजेडात, साध्या पांढऱ्या कपड्यावर, फ्लॅश नको. पूर्ण बो एका फोटोत, डोकं दोन्ही बाजूंनी जवळून, फ्रॉग दोन्ही बाजूंनी, बटण, शिक्का, काडी टोकाकडे बघतानाचा तो सरळपणा दाखवणारा फोटो, आणि जिथे दोष आहे तिथला सगळ्यात स्पष्ट. मजकूर असा लिहा:

'जुना व्हायोलिन बो, पूर्ण साइज, वजन ६१ ग्रॅम केसांसकट. गोल काडी, लाकूड तपासलेलं नाही. एबनी फ्रॉग, धातू जर्मन सिल्व्हर. टोकाची पट्टी हाडाची. शिक्का तूर्त, पण कारखाना-बनावटीचा आहे. डोक्याला तडा नाही, काडीला उजवीकडे थोडा वाक. नवीन केस लावलेत. पणजीत येऊन वाजवून बघू शकता.'

'अँटीक', 'दुर्मीळ', 'राजघराण्यातला' असले शब्द टाकलेत की जाणकार माणूस पुढे वाचत पण नाही. किंमत ठरवताना लोक काय मागतायत ते बघू नका, किती रुपयांना खरंच गेला ते बघा. परदेशी लिलावघरं, टारिसिओसारखी, जुन्या विक्रीचे आकडे दाखवतात, पण ते आकडे कागदपत्र असलेल्या नामांकित बोंचे असतात, माळ्यावरच्या बोला ते लावू नका. गिऱ्हाईक इथेच आहे: शिकणारी पोरं, कॉयरवाले, लग्नाच्या बँडवाले, तियात्राचे (कोकणी संगीत नाटकाचे) वादक, आणि हिंदुस्थानी व्हायोलिन शिकणारे, जे नेहमी विसरले जातात. बो त्यांचाही तोच असतो. शिक्षकाला सांगून ठेवलं की ऑनलाइनपेक्षा लवकर जातो, त्यांनी मधे काही टक्के मागितले तर द्या, कुरकुर करू नका.

परदेशी पाठवायचा विचार असेल तर दोन अडथळे. पर्नांबुको २००७ पासून साइट्स (CITES) या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२२ मधे नियम अजून कडक झाले, परवानगीशिवाय कस्टममधे अडकू शकतो. दुसरं, शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तूंना १९७२ चाच दुसरा कायदा, पुरावशेषांचा, लागू होऊ शकतो, मग पुरातत्त्व खात्याकडून ही वस्तू त्यात बसत नाही असं सर्टिफिकेट लागतं. जुन्या गोव्याला त्यांचं ऑफिस आहे, चौकशी करा. खरं सांगू, साध्या बोसाठी एवढं करण्यात राम नाही, देशातच विका.

पैशांचं जपून. न बघता, घासाघीस न करता 'फायनल' म्हणणारा आणि क्यूआर कोड पाठवून स्कॅन करा म्हणजे पैसे येतील म्हणणारा, दोघंही चोर. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही.

कुरिअरसाठी प्लंबरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणा, फ्रॉग मोकळा जाईल एवढ्या तोंडाचा, बोपेक्षा दहा सेंटीमीटर लांब, दोन्ही बाजूंना टोपणं. केस सैल करा, डोक्याला आणि फ्रॉगला वेगवेगळं मऊ कापड गुंडाळा, मग बबल रॅप, आणि आत हलत नाही हे पाइप हलवून बघा. पावसाळ्यात पाठवत असाल तर सिलिका जेलची पुडी टाका. नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवलात तर डोकं मोडून पोचतं आणि भांडण तुमच्याच गळ्यात. घेणाऱ्याला पाच-सात दिवस वाजवून बघायला द्या, आवडला नाही तर त्याच पाइपमधून परत पाठवायचा, कुरिअर त्याचं, आणि टोपण लावायच्या आधी डोक्याचा फोटो दोघांनीही काढायचा, हे पैसे घेण्याआधीच मेसेजमधे लिहून घ्या.